आवाज गेला, पण गाणं थांबलं नाही : उस्ताद अल्लादिया खाँ



कोल्हापुरात देवल क्लबजवळ एका गवयाचा पुतळा आहे. आपण रोज तिथून जातो. मुलांनी विचारलं, हे कोण, तर काय सांगाल? आजचा पाठ त्यासाठीच. आणि खाँसाहेबांची गोष्ट सांगता सांगता शास्त्रीय संगीताचे चार साधे शब्दही मुलांना समजतील.

अल्लादिया खाँ यांचा जन्म 1855 साली राजस्थानातल्या उनियारा या लहानशा गावी झाला. घराणं गवयांचंच. वडील लवकर वारले. मग काका जहांगीर खाँ यांनी त्यांना जवळ घेऊन धृपद आणि ख्याल शिकवला. तेव्हा शाळा नव्हती, पुस्तक नव्हतं. गुरूने गायचं, शिष्याने ऐकून तसंच म्हणायचं. सोबतीला तंबोरा. (आपल्या शेजारच्या मिरजेचे तंबोरे देशभर जातात, हे मुलांना जरूर सांगा.) तंबोऱ्यावर गाणं वाजवत नाहीत. त्याच्या चार तारा एकसारख्या छेडत राहायच्या, म्हणजे गाणाऱ्याचा 'सा' कानात पक्का राहतो. बाकीचे सगळे स्वर या 'सा'वरून मोजायचे.

तरुणपणी खाँसाहेबांचा आवाज गोड आणि चपळ होता. पुढे ते मध्य भारतातल्या अमलेटा या छोट्या संस्थानात गेले. तिथे तासन् तास, दिवसामागून दिवस गावं लागलं आणि गळ्यावर एवढा ताण आला की आवाजच बसला. विचार करा, ज्याचं पोटच गाण्यावर, त्याचा आवाज गेला! काही काळाने तो परत आला, पण पहिल्यासारखा नाही. घोगरा, जड झालेला.

इथे बहुतेक जण थांबले असते. खाँसाहेबांनी मात्र या नव्या आवाजाला पेलेल असं गाणं उभं केलं. 'आ' हा एकच उच्चार मोकळा लावून स्वर लांबवायचा, याला आकार म्हणतात. त्यावर त्यांनी भर दिला. तान सरळ वर-खाली न धावता वेलीसारखी वळणं घेत जाऊ लागली. तबल्याच्या लयीत स्वर असे गुंफले की श्वास कुठे घेतला ते कळू नये. तीनतालाच्या 16 मात्रा असतात आणि पहिल्या मात्रेला सम म्हणतात. त्यांच्या गाण्यात ही सम ओढून आणल्यासारखी वाटत नसे, ती आपसूक यायची. गळा बदलल्यामुळेच ही गायकी घडली, असं अनेक जाणकार मानतात. हेच पुढे जयपूर-अत्रौली घराणं म्हणून ओळखलं गेलं.

1895 च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारी आश्रय दिला. 1922 साली महाराज गेले, तोवर पाव शतकाहून जास्त काळ खाँसाहेब आपल्या गावात राहिले. त्यांनी कितीतरी दुर्मीळ राग गायले. वर्गात एक उदाहरण द्या. मालकंस रागात पाचच स्वर असतात, रे आणि प नसतात. खाँसाहेबांचा संपूर्ण मालकंस सातही स्वरांचा. दोन राग जोडून केलेल्याला जोडराग म्हणतात. बसंत आणि केदार मिळून बसंती केदार, हा त्यांचा आवडता.

शिष्य तर असे लाभले की त्यांची नावंच पुरेत. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. औषधोपचारासाठी सांगलीत असताना कोवळ्या मोगूबाईंचा रियाज त्यांच्या कानावर पडला आणि त्यांनी आपणहून तिला शिकवायला घेतलं. मोगूबाईंच्या कन्या म्हणजे किशोरी आमोणकर. केसरबाईंनी गायलेली भैरवी 1977 साली 'व्हॉयेजर' यानाबरोबर अवकाशात पाठवली गेली. धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले आणि इथल्या मुलामुलींना शिकवत राहिले. खाँसाहेब मात्र मुंबईला गेले आणि 16 मार्च 1946 रोजी तिथेच वारले.

आता आपल्या वर्गाकडे या. सहावी-सातवीत मुलांचा आवाज फुटतो. कालपर्यंत पुढे उभं राहून कविता म्हणणारा मुलगा अचानक गप्प होतो. पोरं हसतात आणि आपणही त्याला सामूहिक गीतातून हळूच मागे सरकवतो. एकदा मागे गेलेलं मूल सहसा पुढे येत नाही. पेटी असेल तर एक करून बघा. सगळ्यांना एकाच पट्टीत न ओढता त्या मुलाला एक-दोन पट्ट्या खाली गायला लावा. नुसता 'आ' लावून त्याचा 'सा' कुठे आरामात लागतो ते शोधा. पेटी नसेल तर मोबाईलवर तंबोरा लावा. ताण देऊ नका, जोरात म्हण असं सांगू नका. जोर केल्याने गळ्याचं काय होतं, ते या गोष्टीत आलंच आहे.

पालकहो, घरात एखाद्याचा आवाज भसाडा म्हणून त्याची थट्टा होत असेल, तर ती थांबवा. रविवारी मुलांना देवल क्लबकडे घेऊन जा, पुतळा दाखवा आणि घोगऱ्या आवाजाच्या या मोठ्या गवयाची गोष्ट तिथे उभं राहून सांगा.