आकाशाशी पंचांग जुळवणारे केतकर

३ ऑगस्ट हा ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर यांचा स्मृतिदिन. प्लूटोचे भाकीत करणारे भारतीय गणिती म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. मात्र त्यांचे अधिक टिकाऊ कार्य घरोघरी भिंतीवर टांगलेल्या पंचांगात आहे.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी भावे संस्थानिकांच्या नरगुंद येथे झाला. ज्योतिषाचा वारसा त्यांना वडिलांकडून मिळाला. उपजीविकेसाठी त्यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी पत्करली आणि बागलकोटच्या इंग्रजी शाळेत अध्यापन केले. वेधशाळेचे पद त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. शाळा सांभाळून उरलेल्या वेळेत त्यांनी भारतीय सिद्धान्तग्रंथ आणि पाश्चात्त्य खगोलगणित या दोहोंचा व्यासंग केला.

त्या काळी आपल्या भागातील पंचांगे प्रामुख्याने गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ‘ग्रहलाघवा’वरून तयार होत. सूर्यसिद्धान्तातील वर्षमान प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. हा फरक क्षुल्लक वाटला तरी हजार वर्षांत तो दोन दिवसांहून अधिक होतो. अशा साचलेल्या फरकांमुळे पंचांगातील ग्रहस्थिती आणि डोळ्यांना दिसणारे आकाश यांत अंतर पडले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी सुधारणेला आरंभ केला होता. परंतु परंपरेने गणित करणाऱ्या जोश्यांना नवी कोष्टके आपलीशी वाटणेही आवश्यक होते.

केतकरांनी नेमके हेच साधले. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ या ग्रंथांत त्यांनी अर्वाचीन मूल्ये संस्कृत ग्रंथरचनेच्या परिचित चौकटीत बसवली. राशिचक्राचा आरंभ कोठे मानावा, या वादात त्यांनी चित्रा पक्षाचा पुरस्कार केला. चित्रा हा ठळक तारा; त्याच्या समोरचा बिंदू आरंभस्थान मानावा, असे हे मत. रैवत पक्षाने आधारभूत मानलेला रेवतीचा तारा मात्र अतिशय मंद आहे. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर असल्याने काही वर्षी अधिक मास वेगळा येतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणेशोत्सव महिनाभर आधी साजरा होतो. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निरयन गणनेसाठी चित्रा ताऱ्यावर आधारलेले अयनांशच स्वीकारले.

मे १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत केतकरांचा एक लेख प्रसिद्ध झाला. गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांच्या भ्रमणकाळांत लाप्लासने दाखवलेले प्रमाण त्यांनी बाह्य ग्रहांना लावून पाहिले. त्यातून नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि भ्रमणकाळ २४२.२८ वर्षे काढला होता. फेब्रुवारी १९३० मध्ये क्लाइड टॉम्बो यांना प्लूटो सापडला. त्याचे अंतर ३९.४८ पट आणि भ्रमणकाळ सुमारे २४८ वर्षे निघाला. त्यानंतर काही महिन्यांतच केतकरांचे निधन झाले.

हे साम्य विलक्षण असले तरी तो निर्णायक पुरावा नव्हे.   ग्रह आकाशात कोठे दिसेल, हे त्यांनी सांगितले नव्हते. विष्णू तर अद्याप कोणालाच सापडलेला नाही. २००६ मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली आणि १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेले.

ब्रह्मा-विष्णूंचे गणित असे अर्धवट राहिले. पंचांग आकाशाच्या कसोटीला उतरले पाहिजे, हा केतकरांचा आग्रह मात्र रूढ झाला. आज ग्रहणाची वेळ पंचांगात पाहून हौशी निरीक्षक निश्चिंतपणे दुर्बीण लावतात. त्या विश्वासामागे बागलकोटच्या या शिक्षकाचे दीर्घ परिश्रमही आहेत.