बाटली क्रमांक ५३-एन आणि हाफकिन यांची पाच वर्षं

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात (हे गाव आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. पुढच्या काही दिवसांत त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे दगावले. त्या एकोणीसही जणांना लस एकाच बाटलीतून दिली होती. बाटलीवर क्रमांक होता ५३-एन. ती मुंबईच्या परळ इथल्या प्रयोगशाळेत भरली गेली होती आणि प्रयोगशाळेचे प्रमुख होते वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा इथल्या ज्यू कुटुंबातला. रशियात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणं कठीणच, म्हणून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले आणि सुरुवातीला तिथल्या ग्रंथालयात नोकरी केली. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि व्हरांडा, एवढ्याच जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई पुन्हा स्वतःच्याच अंगाला. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी घरोघरी निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. प्लेग झालेल्या घरांत लस घेतलेल्यांपैकी ३ जण गेले, न घेतलेल्यांपैकी २६. आपल्या शेजारच्या हुबळीतही त्याच वर्षी हजारो लोकांनी ही लस टोचून घेतली. प्लेगच्या नावाने गावंच्या गावं रानात झोपड्या बांधून राहायला जायची, तो हा काळ.

मुलकोवालनंतर मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत हाफकिन यांनी सोडली होती, ते उष्णतेवर भर देत. आयोगाने ते मनात धरलं आणि बाटली उघडण्याआधीच, म्हणजे मुंबईतच, दूषित झाली असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना प्रमुखपदावरून बाजूला केलं गेलं. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

चौकशीची सगळी कागदपत्रं बाहेर यायला मात्र १९०६ ची अखेर उजाडली. त्यात एक साक्ष होती. बाटलीचं बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो आचेवर न धरता, औषधी पाण्यात नुसता बुडवून वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू इतके दिवस बाटलीत वाढले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. एवढी मोठी गोष्ट चार वर्षं सरकारी फायलीत पडून राहावी, हे चीड आणणारंच आहे. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समधून हा प्रश्न लावून धरला, इतर नामवंत शास्त्रज्ञही पाठीशी उभे राहिले आणि त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले.

त्या काळी लशीने इजा झाली तर कुणी कुणाला कळवायचं, पुरावा कसा जपायचा, अहवाल लोकांसमोर कधी ठेवायचा, घरच्यांना भरपाई कुणी द्यायची, याचा कायदाच नव्हता. जर्मनीत लशीच्या इजेच्या भरपाईचा कायदा १९६१ मध्ये झाला, अमेरिकेत १९८६ मध्ये. अमेरिकेच्या कायद्याने डॉक्टरांवर ठरावीक दुष्परिणाम कळवण्याचं बंधनही घातलं. भरपाईसाठी तिथे कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. मुलकोवालला मात्र सगळी शक्ती चूक कुणाची हे शोधण्यातच गेली आणि तीही चुकीच्या माणसावर येऊन थांबली. आपल्याकडे कोविड लसीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, लोकांना आणि खासगी डॉक्टरांना दुष्परिणाम थेट नोंदवता यावेत आणि ते अहवाल जनतेला पाहता यावेत, असं केंद्राला सांगितलं. मुलकोवालला १२० वर्षं होत आली होती.

हाफकिन परत आले, पण मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांना मिळाली नाही. त्यांना कलकत्त्यात नेमलं गेलं आणि पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते कायमचे युरोपात परतले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं.