विश्लेषण : कुंपणच शेत खाऊ लागले तेव्हा... पुण्याचा घाशीराम कोतवाल नेमका कोण होता?

रक्षणासाठी नेमलेलेच लोकांच्या जिवावर उठले तर दाद कुणाकडे मागायची? ‘द बॉईज’ ही २०१९ मध्ये प्राइम व्हिडीओवर सुरू झालेली मालिका याच प्रश्नावर उभी आहे. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांच्या चित्रकथेवर ती बेतलेली आहे. त्यातले अचाट शक्तीचे महानायक एका बड्या कंपनीच्या पदरी असतात. कॅमेऱ्यासमोर ते लोकांना वाचवतात आणि कॅमेरा बंद झाला की त्याच लोकांचा जीव घेतात. त्यांना धडा शिकवायला निघालेली टोळीही कायदा धाब्यावरच बसवते. प्रेक्षक हसतो, पण हसता हसता त्याच्या अंगावर काटा येतो. मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. अठराव्या शतकातल्या पुण्यात तो प्रत्यक्ष घडला आणि पुढे मराठी रंगभूमीवर गाजला. त्याचे नाव घाशीराम कोतवाल. नाटक अनेकांना ठाऊक असते, पण त्यामागच्या खऱ्या माणसाचे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही.

घाशीराम कुठून आला?

पूर्ण नाव घाशीराम सावळदास. तो औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर) उत्तर भारतीय ब्राह्मण. पेशव्यांच्या पुण्यात तेव्हा देशभरातून माणसे येत होती. कुणी शिपाईगिरीला, कुणी व्यापाराला, कुणी दक्षिणेच्या आशेने. घाशीरामही असाच बाहेरून आलेला. शहरात ना त्याचे गणगोत होते, ना कुणा मोठ्या घराण्याचा पाठिंबा. नाना फडणवीसांची मर्जी एवढेच त्याचे भांडवल होते. ८ फेब्रुवारी १७७७ रोजी तो पुण्याचा कोतवाल झाला आणि १७९१ पर्यंत, म्हणजे १४ वर्षांहून अधिक काळ, त्या जागेवर राहिला.

ज्याला आपले असे कुणी नाही, तो नेमणाऱ्याशी एकनिष्ठ राहतो. कारण नेमणाऱ्याचा हात सुटला की तो संपलाच. घाशीरामच्या आयुष्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही या एका गोष्टीने ठरले.

कोतवालाच्या हाती काय काय असे?

आजचा पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त, दुय्यम निबंधक आणि कनिष्ठ न्यायाधीश एकत्र केले, तर पेशवाईतल्या कोतवालाची थोडीफार कल्पना येते. पेठांमधील महत्त्वाचे तंटे मिटवणे, मालाचे भाव ठरवणे, घर-जागेच्या खरेदी-विक्रीवर देखरेख करणे, सरकारी कामाला मजूर पुरवणे, जुगाऱ्यांकडून पट्टी वसूल करणे आणि शहरात कोण आले, कोण गेले याची नोंद ठेवणे ही सगळी त्याचीच कामे. रात्री ठरल्या वेळी तोफ झाली की रस्त्यावर फिरण्यास बंदी असे. त्यानंतर जो सापडेल तो सकाळपर्यंत चौकीत.

या कामांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी कोतवाल दंड करू शकतो किंवा दंड सोडू शकतो. भाव त्यानेच ठरवायचे आणि भाव मोडणाऱ्याला त्यानेच पकडायचे. तंटा त्यानेच ऐकायचा आणि वसुलीही त्यानेच करायची. अशा जागेवर बसलेल्या माणसाचा हिशेब कोण तपासणार? कागदोपत्री सरकार. प्रत्यक्षात मात्र नाना फडणवीस, आणि नानांना कोतवालाकडून हवे असलेले काम निराळेच होते.

नानांना असा माणूस का हवा होता?

त्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यातच खून झाला. मारणारे गारदी, म्हणजे वाड्याच्या पहाऱ्यावरचेच शिपाई. खुनामागे काका रघुनाथराव होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी ठरवले आणि नाना, सखारामबापू आदी बारभाईंनी कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालू लागले.

रघुनाथराव इंग्रजांना जाऊन मिळाले आणि १७७५ पासून १७८२ पर्यंत पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालले. १७७८ मध्ये मोरोबा फडणीसांनी पुण्यातच नानांविरुद्ध उचल खाल्ली. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज वडगावपर्यंत येऊन ठेपली आणि तिथे तिला शरण यावे लागले. शत्रू दाराशी आणि फितूर घरात, अशा काळात कोण कुणाला भेटतो आणि कुणाकडे पाहुणा उतरला, ही माहिती सोन्याच्या मोलाची होती. नानांचे हेरांचे जाळे प्रसिद्ध आहे. शहरातला त्याचा सर्वांत उपयोगी धागा कोतवालाच्या हाती होता.

घाशीरामने हे काम चोख केले असणार, एरवी तो एवढी वर्षे टिकला नसता. पण पाळत ठेवणाऱ्या माणसाला धन्याची गुपितेही कळतात, आणि धनी त्याला दुखवायला कचरतो. घाशीरामच्या दंडेलीबद्दल शहरात कुरबुर होती. ती नानांच्या कानावर गेली नसेल, हे त्यांच्या हेरखात्याची ख्याती पाहता पटत नाही. तिच्याकडे डोळेझाक झाली, असेच म्हणावे लागते.

ऑगस्ट १७९१ मध्ये काय घडले?

श्रावणात पुण्यात दक्षिणेचा मोठा सोहळा होई. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी पुढे वाढवली होती. पर्वतीजवळच्या रमण्यात हजारो ब्राह्मणांना दक्षिणा मिळे. दूरवरून लोक येत आणि दक्षिणा घेऊन परतत.

त्या वर्षी परतीच्या वाटेवर असलेले तीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण शहराच्या पूर्वेला, घाशीरामच्या बागेजवळच्या तळ्याकाठी उतरले. त्यांनी बागेतली काही फळे तोडली, त्यावरून बाचाबाची झाली आणि कोतवालाच्या शिपायांनी सगळ्यांना पकडून एका कोंदट, अरुंद जागेत कोंडले. वारा नाही, पाणी नाही, वर शेजाऱ्याच्या अंगावर शेजारी. दार वेळेवर उघडले गेलेच नाही. शेवटी मानाजी फाकडे या सरदाराने कुलूप तोडायला लावले, तेव्हा आत प्रेतांचा खच होता. वीसच्या आसपास माणसे गुदमरून मेली होती.

गुन्हा काय, तर चार फळे तोडली. शिक्षा कुणी सांगितली, तर कुणीच नाही. या माणसांना मारायचेच, असे कुणी ठरवल्याचेही दिसत नाही. आत कोंडलेल्यांची चौकशी करण्याची कुणाला गरज वाटली नाही, एवढेच. १४ वर्षे ज्याला कुणी जाब विचारला नाही, त्याच्या शिपायांनाही कुलूप उघडायची घाई नसते.

शिक्षा कोणी दिली?

बातमी सवाई माधवरावांपर्यंत पोहोचली. पेशवे तेव्हा १७ वर्षांचे होते, कारभार नानांकडे होता. घाशीरामने सुरुवातीला मेलेल्यांना चोर ठरवले आणि प्रेतांना अग्नी देण्याची परवानगी मिळवण्याचा प्रयत्न केला. प्रेते जळली असती तर प्रकरणही तिथेच विझले असते. पण ब्राह्मणांचा जमाव नानांच्या वाड्यासमोर जमला. न्यायाधीश अय्याशास्त्री यांच्याकडेही दाद मागितली गेली. गर्दी हटेना.

अखेर नानांनी घाशीरामचा हात सोडला. त्याला अटक झाली, शहरातून त्याची धिंड निघाली आणि नंतर त्याला जमावाच्या हवाली करण्यात आले. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी जमावाने दगडांनी ठेचून त्याचा जीव घेतला. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांनी हा सारा प्रकार आपल्या वरिष्ठांना कळवला, आणि एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याच्या १७९४ च्या पुस्तकातही तो आला.

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या शहरात रामशास्त्रींनी सत्ताधाऱ्यालाही दोषी ठरवले होते, त्याच शहरात १८ वर्षांनी एका सरकारी अधिकाऱ्याचा निकाल दगडांनी लागला. साक्षी-पुरावे घेऊन खटला चालला असता, तर पहिला प्रश्न आला असता की हा माणूस इतकी वर्षे या जागेवर कसा राहिला? दुसरा प्रश्न आला असता की वसुलीचा पैसा कुठे गेला? घाशीरामला या प्रश्नांची उत्तरे ठाऊक होती. दगडांनी त्याचे तोंड कायमचे बंद केले. जमावाला सूड मिळाला आणि नानांची सुटका झाली.

त्यानंतर काय बदलले?

माणूस बदलला, जागा तीच राहिली. नाना १८०० मध्ये मृत्यू येईपर्यंत मराठी राजकारणातले मोठे नाव राहिले, मधले काही पडते दिवस वगळता. काही वर्षांनी पेशव्यांच्या पदरी असलेल्या विल्यम टोन या अधिकाऱ्याने पुण्याच्या बंदोबस्ताची तारीफ केली. रात्री अवेळी बाहेर सापडल्याने खुद्द पेशव्यांनाही एकदा रात्रभर अडकवून ठेवल्याची गोष्ट त्याने नोंदवली आहे. रात्रीची तोफ आणि रात्रीची धरपकड घाशीरामच्या मागेही सुरूच होती. बाहेरून आलेल्याला ती शिस्त वाटली. आत अडकलेल्याला काय वाटत असेल, हे चौकीलाच ठाऊक.

नाटकातला घाशीराम आणि इतिहासातला, एकच का?

नाही. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबा यांनी घाशीरामच्या नावाने पुस्तक लिहिले. पण घाशीराम घराघरांत पोहोचला तो विजय तेंडुलकरांच्या नाटकामुळे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर आणि नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नानांची आणि ब्राह्मण समाजाची बदनामी झाल्याचा आरोप होऊन वाद पेटला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. कलावंतांनी बाहेर पडून थिएटर ॲकॅडमी स्थापन केली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपातही गेले. १९७६ मध्ये यावर चित्रपट निघाला, त्यात ओम पुरी घाशीराम होते.

नाटकात घाशीराम आपली मुलगी नानांच्या हवाली करतो आणि त्या बदल्यात कोतवाली मिळवतो. समकालीन कागदपत्रांत या गोष्टीला आधार सापडत नाही. तेंडुलकरांनीही आपण इतिहास लिहीत असल्याचा दावा केला नव्हता. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे घडवते आणि सोय संपली की त्यांना कसे फेकून देते, हे त्यांना दाखवायचे होते. आठवणीत ठेवायचे ते एवढेच : मुलीचा सौदा नाटकातला, कोंडलेली माणसे आणि दगड इतिहासातले.

भंडाऱ्यातून ही गोष्ट कशी दिसते?

त्या काळी भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि १७८८ पासून तिथे दुसऱ्या रघूजींचा अंमल होता. तुमसर तालुक्यातला अंबागड किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजा खान याने १७०० च्या सुमारास बांधला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. तिथल्या कैद्यांना विहिरीचे साचलेले, विषारी पाणी पिण्यास भाग पाडले जाई, असे परंपरेने सांगितले जाते. त्या कैद्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्यासाठी वाड्यासमोर गर्दी जमली नाही आणि कुणा इंग्रज वकिलाने पत्र पाठवले नाही.

पुण्यात मेलेले लोक दक्षिणेचे मानकरी होते आणि ते राजधानीत मेले, म्हणून घाशीरामची वाच्यता झाली. त्याआधी १४ वर्षांत रात्रीच्या तोफेनंतर पकडलेले हमाल, जुगारी आणि वाटसरू यांच्यासाठी कुणी कुलूप तोडले नव्हते. कोठडीत कोण मेले यावर न्याय मिळणार की नाही हे ठरत असेल, तर तो न्याय किती भरवशाचा?

आज हे चरित्र का वाचायचे?

विदर्भाला वेगळे उदाहरण शोधायची गरज नाही. ऑगस्ट २००४ मध्ये नागपूरच्या न्यायालयाच्या आवारात कस्तुरबानगरातील संतप्त जमावाने एका गुंडाला ठार केले. पोलीस दाद घेत नाहीत, ही त्या वस्तीची जुनी तक्रार होती. अनेकांना तो न्याय वाटला, आणि वस्तीने काय सोसले होते हे कळल्यावर तसे वाटणे समजूही शकते. पण गुंड मेला, आणि तक्रारी न ऐकणाऱ्यांची झाडाझडती मागेच राहिली. १७९१ चे पुणेही इथेच थांबले होते.

पडद्यावरचा महानायक असो की पेशवाईतला कोतवाल, त्याला ताकद कुणीतरी दिलेली असते आणि त्याच्याकडे कुणीतरी काणाडोळा केलेला असतो. कुंपण शेत खाते, तेव्हा लोक कुंपण मोडायला धावतात. ते कुणी घातले आणि इतके दिवस त्याची राखण कुणी केली, हे विचारणारा मात्र गर्दीत सापडत नाही. घाशीराम सावळदासच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला १४ वर्षे होती. तो विचारला गेला नाही, म्हणून एका कोंदट खोलीत वीसेक माणसे गुदमरून मेली.