गुणाढ्य : विद्याधरांचा कथाकार



तुमच्या घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती अलीकडे जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या दिसत असतील. त्यांत परींचे अदृश्य दरबार असतात, मनुष्यकुळातील एखादी मुलगी त्या दरबारात ओढली जाते, आणि प्रेम, शाप, कपट व राज्यलोभ यांतून तिची वाट निघते. होली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची २०१८ मधील ‘द क्रुएल प्रिन्स’ ही कादंबरी याच जातीची आहे. हा वाङ्मयप्रकार परका आहे अशी आपली समजूत असते. परंतु मानवी तरुण आणि आकाशगामी दिव्य योनीतील तरुणी यांच्या प्रेमाची एक प्रचंड कथा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे आजच्या पैठणशी, जोडली गेलेली आहे. तिचा कर्ता गुणाढ्य. प्रस्तुत घटकात आपण त्याचे चरित्र पाहू.

१. चरित्राची साधने

गुणाढ्याचा ‘बृहत्कथा’ हा ग्रंथ मूळ रूपात आज उपलब्ध नाही. तरीही दंडी, सुबंधू आणि बाणभट्ट या जुन्या गद्यकारांना तो ठाऊक होता. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने ‘बृहत्कथामंजरी’ आणि सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. सोमदेवाचा ग्रंथ राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी लिहिलेला असून त्यात १८ लंबक आणि १२४ तरंग आहेत. त्याच्या ‘कथापीठ’ नावाच्या पहिल्या लंबकात गुणाढ्याचे चरित्र येते. हे चरित्र आख्यायिकेच्या रूपातील आहे, हे वाचताना ध्यानात ठेवा. नेपाळमधील परंपरा गुणाढ्याचा जन्म मथुरेला झाला असे सांगते. पैठणचा दावा सोमदेवाच्या परंपरेवर उभा आहे.

२. जन्म आणि शिक्षण

आख्यायिकेनुसार गुणाढ्य हा पूर्वजन्मी माल्यवान नावाचा शिवगण होता. शिवाने पार्वतीला एकांतात सांगितलेली विद्याधरांची कथा पुष्पदंत नावाच्या गणाने चोरून ऐकली. पार्वतीने त्याला मनुष्यजन्माचा शाप दिला आणि त्याच्यासाठी रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही तोच शाप मिळाला. माल्यवान प्रतिष्ठानच्या प्रदेशात जन्मला. त्याची आई श्रुतार्था ही ब्राह्मणकन्या आणि पिता कीर्तिसेन हा नागकुमार. दोघांचा विवाह गांधर्व पद्धतीने झाला होता. म्हणजे परीकथा सांगणारा हा माणूस स्वतःच मानव आणि मानवेतर यांच्या प्रेमातून जन्माला आला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. बालपणीच पोरका झालेला गुणाढ्य विद्येसाठी दक्षिणापथात गेला आणि कीर्ती मिळवून परतल्यावर सातवाहन राजाचा मंत्री झाला.

३. जलक्रीडा आणि पैज

एकदा राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने थकलेल्या एका राणीने पाणी उडवू नये अशी संस्कृतात विनंती केली. नकारार्थी ‘मा’ आणि पाण्याचा वाचक ‘उदक’ या शब्दांचा संधी राजाला उलगडला नाही. त्याला ‘मोदक’ ऐकू आले आणि त्याने मिठाई मागवली. राणी हसली. व्याकरणाच्या अज्ञानाची लाज राजाला इतकी लागली की त्याने अंथरूण धरले आणि बोलणे सोडले.

प्रौढ वयात पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या तुम्हाला या राजाचे दुःख निराळे समजावून सांगावे लागणार नाही. व्याकरणाला एरवी १२ वर्षे लागतात, आपण ते ६ वर्षांत शिकवू, असे गुणाढ्याने सांगितले. शर्ववर्मा नावाच्या दुसऱ्या मंत्र्याने ६ महिन्यांची हमी दिली. गुणाढ्याला ते अशक्य वाटले. तसे घडले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करीन, अशी प्रतिज्ञा त्याने केली. शर्ववर्म्यानेही, हरलो तर १२ वर्षे गुणाढ्याच्या पादुका डोक्यावर वाहीन, असा पण लावला. पुढे कार्तिकेयाच्या प्रसादाने त्याला ‘कातंत्र’ हे सुटसुटीत व्याकरण लाभले आणि राजा ठरल्या मुदतीत संस्कृत शिकला.

‘कातंत्र’ हे व्याकरण काल्पनिक नाही. पाणिनीच्या मानाने ते बरेच आटोपशीर असून बंगाल, काश्मीर आणि तिबेटपर्यंत नवशिक्यांचे व्याकरण म्हणून रूढ झाले होते. शिकणाऱ्याची सोय पाहणारा शिक्षक जिंकला आणि विद्येचा दीर्घ मार्ग हाच एकमेव मार्ग मानणारा पंडित हरला, हा या प्रसंगाचा अर्थ नजरेआड करू नये.

४. विंध्यारण्यातील वर्षे

प्रतिज्ञेप्रमाणे गुणाढ्य मुका झाला. गुणदेव आणि नंदिदेव या दोन शिष्यांसह तो विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाचांची बोली त्याच्या कानी पडली. त्यागलेल्या तीन भाषांत ती नव्हती. म्हणून त्याने ती आत्मसात केली आणि त्याला पुन्हा वाणी लाभली. काणभूती नावाच्या शापित यक्षाने त्याला विद्याधरांच्या सात कथा सांगितल्या. गुणाढ्याने ७ वर्षे खपून ७ लक्ष श्लोकांत त्या लिहिल्या. अरण्यात शाई नव्हती. त्याने स्वतःचे रक्त वापरले.

५. अव्हेर आणि अग्नी

शिष्यांनी तो ग्रंथ सातवाहनाकडे नेला. राजाने तो नाकारला. भाषा पैशाची, अक्षरे रक्ताची. एवढ्यावर निकाल लागला, कथा वाचली गेलीच नाही. गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवले. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि ज्वाळांत टाकी. अरण्यातील पशू चरणे सोडून, डोळ्यांत आसवे आणून, भोवती ऐकत उभे राहिले. इकडे राजा आजारी पडला. पशू चरत नाहीत म्हणून त्यांचे मांस सुकले आहे, आणि ते खाल्ल्याने हा विकार जडला आहे, असा उलगडा झाला. राजा धावत आला, तेव्हा ६ लक्ष श्लोक भस्म झाले होते. शिष्यांना प्रिय असलेली नरवाहनदत्ताची १ लक्ष श्लोकांची कथा तेवढी उरली होती. ती राजाच्या स्वाधीन करून गुणाढ्याने देह ठेवला आणि तो शापमुक्त झाला.

६. उरलेली कथा

नरवाहनदत्त हा वत्सराज उदयन आणि वासवदत्ता यांचा तरुण पुत्र. त्याची प्रिया मदनमंचुका हिला मानसवेग नावाचा विद्याधर पळवून नेतो. मानसवेगाची बहीण वेगवती मात्र नरवाहनदत्तावर अनुरक्त होऊन मदनमंचुकेच्या रूपात त्याच्याकडे येते. विद्याधर म्हणजे विद्या धारण करणारे. आकाशगमन आणि रूपांतर या त्यांच्या विद्या. अनेक संकटे आणि अनेक प्रेमे यांतून जात हा मानवी राजपुत्र अखेर विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. पळवून नेलेली प्रिया, शत्रूच्याच घरातील प्रेमिका आणि दिव्य लोकात माणसाला मिळालेले सिंहासन हे घटक आजच्या परीकादंबऱ्यांतील घटकांशी ताडून पाहा. काळ आणि संस्कृती भिन्न असूनही कथेचा सांगाडा किती जवळचा आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

७. भाषेचा प्रश्न

वररुची आणि हेमचंद्र या वैयाकरणांनी पैशाचीची लक्षणे नोंदवली आहेत. तिच्यात दोन स्वरांमधील घोष व्यंजन अघोष होते : ‘गगन’चे ‘गकन’, ‘मेघ’चा ‘मेख’, ‘राजा’चा ‘राचा’. याउलट मराठीची पूर्वज मानली जाणारी महाराष्ट्री प्राकृत असे व्यंजन बहुधा गाळते. ‘नगर’चे तीत ‘णअर’ होते. दोन्ही बदल सारखेच नियमबद्ध आहेत. एक दरबारात शोभणारा आणि दुसरा पिशाचांचा, असा भेद ध्वनिनियमांत कोठेही नाही. तो ऐकणाऱ्याच्या मनात आहे.

येथे एक विसंगती लक्षात घ्या. सातवाहनांचे नाणेघाट आणि नाशिक येथील कोरीव लेख प्राकृतात आहेत. ‘गाथासप्तशती’ हा प्राकृत गाथांचा संग्रह सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे. म्हणजे हे घराणे लोकभाषेचे आश्रयदाते होते. अशा घराण्यातील राजाला आख्यायिकेत संस्कृत येत नाही म्हणून लाज वाटते, आणि ती लाज सरताच तोच राजा आपल्याहून खालच्या मानलेल्या भाषेला लाजवतो. अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याचा अपमान करणार नाही, याची शाश्वती शिक्षण आपोआप देत नाही.

नागपूर परिसरात हे उदाहरण दूरचे वाटू नये. येथे प्रमाण मराठीशेजारी वऱ्हाडी, झाडीबोली, हलबी आणि गोंडी नांदतात. या बोलींत आजी-आजोबांनी सांगितलेल्या कथा कोणत्या तराजूत तोलायच्या, हा निर्णय उद्या शिक्षक, लेखक किंवा पालक म्हणून तुम्हाला घ्यावा लागेल. गुणाढ्याच्या ग्रंथाचे सहा भाग जळाले, ते कथा न ऐकता आधी भाषा पाहिल्यामुळे. जो एक भाग वाचला, तो ऐकणाऱ्या दोन शिष्यांना आवडला म्हणून वाचला.

स्वाध्याय

१. पैजेच्या प्रसंगात गुणाढ्य आणि शर्ववर्मा यांच्या शिक्षणविषयक भूमिका कशा भिन्न आहेत, ते स्पष्ट करा.
२. पैशाची आणि महाराष्ट्री यांतील व्यंजनबदलांची सोदाहरण तुलना करा.
३. तुमच्या घरी बोलल्या जाणाऱ्या बोलीतील एखादी अद्भुत प्रेमकथा वडीलधाऱ्यांकडून ऐका आणि शब्द न बदलता लिहून काढा.