खाँसाहेबांचा सबवूफर

सांगलीत विश्रामबागेत असो की साताऱ्यात सदर बझारला, समजा तुमच्या घरी टॉवर स्पीकर आलेत. कंबरेएवढे उंच, टीव्हीच्या दोन बाजूंना दोन पहारेकरी. आता तुमचा हट्ट सुरू झालाय, सोबत सबवूफर पाहिजेच. मित्राच्या घरी सोफा थरथरतो, मिरवणुकीत छाती थरथरते, मग आपल्याच घरात बेस का कमी?

थांबा जरा. पैसे मोजण्याआधी मिरजेच्या एका माणसाची गोष्ट ऐका. त्यांचं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

जन्म ११ नोव्हेंबर १८७२, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. किराना घराणं हे नाव त्याच गावावरून पडलं. घरात गाणं पिढ्यान् पिढ्यांचं. तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत गात गात ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या दरबारी पोचले. तिथं सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी प्रेम जमलं. दोघांचा धर्म वेगळा, घरचा विरोध. शेवटी बडोदं सोडलं आणि मुंबई गाठली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांचीच मुलं. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलं माने आडनावानं वाढली आणि मोठी गायक झाली. बापाच्या गाण्याची ओळख मुलांनी पुढे नेली, पण घर मात्र एकत्र राहिलं नाही.

खाँसाहेबांनी मुक्कामासाठी निवडलं आपलं मिरज. दक्षिणेत म्हैसूर, धारवाड, हुबळी आणि इकडे पुणे-मुंबई, दोन्हीकडे जायला रेल्वे सोयीची. शिवाय मिरज तानपुऱ्यांचं गाव. हत्यारं बनवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथं तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली, ती कला आजही चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात तरबेज होते. गाण्याआधी तानपुरा लावायला कितीही वेळ गेला तरी त्यांना चालायचं. बेसूर तानपुऱ्यावर गाणं मात्र चालायचं नाही.

आता इथं आपल्या सबवूफरचा संबंध येतो.

खाँसाहेबांचा आवाज कसा होता? भरदार, घुमणारा अजिबात नाही. उंच पट्टीतला, बारीक, रेशमी. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्या गळ्यात बेस नव्हता. पण मैफल कधी पोकळ वाटली नाही, कारण खालची जमीन तानपुरे धरून ठेवायचे. तानपुऱ्याची शेवटची, जाड पितळी तार म्हणजे खर्ज. गवयाच्या सा च्या बरोबर एक सप्तक खाली. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा सा साधारण १३९ हर्ट्झचा असतो, म्हणजे खर्ज ६९ च्या आसपास. ही तार जवारीदार घोडीवरून झंकारते तेव्हा एकटा सा वाजत नाही, वरचे कितीतरी स्वर त्यातून उमटतात. तानपुरा अचूक लागला असेल तर कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. खाँसाहेब त्या गंधाराची वाट बघायचे. खर्ज त्यांच्या आवाजात असा मिसळायचा की तो वेगळा कळायचाच नाही.

सुराच्या या बारकाव्यामुळेच सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल त्यांच्याकडे आले. देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आपल्या संगीतातल्या २२ श्रुती मोजून दाखवायच्या हा त्यांचा ध्यास. १९१० मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका काढली. साताऱ्यात त्यांचे साथीदार होते ई. क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश. हे दोघं तारेची लांबी मोजत आणि ती पडताळायला गळा खाँसाहेबांचा. म्हणजे मोजमाप होतं, पण शेवटचा निकाल कानाचा. १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, गरीब मुलांना शिकवलं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य.

मग रेकॉर्ड्सचं काय? १९०५ च्या सुमाराला त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते भोंग्यासमोर गाऊन. त्या भोंग्याला खालचे स्वर जवळजवळ पकडताच येत नसत. १९३४ नंतरच्या रेकॉर्ड्स मायक्रोफोनवर झाल्या, तरी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच. एवढ्याशा आवाजातही जादू होती. गदगच्या भीमसेन नावाच्या पोरानं लहानपणी खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि असं गाणं शिकायचंच म्हणून घर सोडलं. त्या ग्रामोफोनला कुठला आलाय सबवूफर? खालचा स्वर गळून पडला तरी त्याच्यापासून निघणारे वरचे स्वर शाबूत असतील, तर आपला मेंदू मूळ स्वर भरून काढतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर तानपुरा ओळखू येतो तो यामुळेच.

आता तुमच्या घरात या. चांगले टॉवर स्पीकर साधारण ४० हर्ट्झपर्यंत उतरतात. तानपुऱ्याचा खर्ज, तबल्याचा बायाँ, लावणीची ढोलकी, भावगीतं, बहुतेक सगळं त्यात येतं. १० बाय १२ ची खोली तर ५० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमायला लागते. बेस कमी वाटतोय? आधी स्पीकर भिंतीच्या थोडे जवळ किंवा लांब सरकवून बघा. बसायची जागा बदला. कोपऱ्यात ढकलले तर बेस वाढेल, पण गढूळ होईल. हा झाला तुमचा तानपुरा लावणं, आणि हे फुकट आहे.

एवढं करूनही काही उरतं का ते ऐका. सिनेमातला स्फोट, इलेक्ट्रॉनिक संगीतातला अगदी तळाचा ठोका, चर्चचा मोठा ऑर्गन, हे ४० च्या खाली जातं. तुमचं ऐकणं त्यातलं असेल तर सबवूफर खुशाल घ्या. फक्त त्याची हद्द ५०-६० हर्ट्झवर आखा आणि आवाज इतकाच ठेवा, की बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटावं, चालू असताना मात्र तो कुठून वाजतोय ते कळू नये. नुसतं धडधड ऐकू आलं, तर तो तानपुरा बेसूर आहे असं समजा.

ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांच्या छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले. रात्रीच्या फलाटावर त्यांनी तानपुरा लावून घेतला, अल्लाहचं नाव सुरात घेतलं आणि तिथंच डोळे मिटले. तारीख २७. त्यांची कबर मिरजेत ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी उरुसात तिथं गाणं होतं.

सांगली-साताऱ्याहून मिरज काही लांब नाही. सबवूफर बुक करण्याआधी एखाद्या उरुसाला जाऊन बसा. पहिल्या रांगेत नको, जरा मागेच. तानपुरे लागेपर्यंत गप्प ऐका. तुम्हाला नेमका किती खर्ज हवाय, ते तिथंच कळेल.