विल्यम केरी : एका दिवसाची सेवा

मिशनऱ्यांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी मोठ्या प्रसंगांवर खिळते. परंतु प्रभूच्या सेवकाची खरी कसोटी लागते ती सामान्य दिवशी. विल्यम केरी यांच्या आयुष्यातील असा एक दिवस त्यांच्याच पत्रामुळे आपल्याला ठाऊक आहे. १८०६ सालच्या जून महिन्यातील तो दिवस. स्थळ कलकत्ता.

पावणेसहाला उठून केरींनी हिब्रू शास्त्राचा एक अध्याय वाचला आणि सात वाजेपर्यंत एकांतात प्रार्थना केली. मग नोकरचाकरांसह बंगालीत कौटुंबिक प्रार्थना. चहा होईपर्यंत मुन्शींजवळ फारसीचे वाचन, न्याहारीपूर्वी हिंदुस्तानीतून शास्त्रवाचन आणि न्याहारी होताच पंडितांबरोबर रामायणाचे भाषांतर. दहा वाजता ते फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवावयास गेले. परतल्यावर बंगाली यिर्मयाची मुद्रिते तपासली. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडितांच्या साहाय्याने मत्तयाच्या आठव्या अध्यायाचा बराचसा भाग संस्कृतात आणला. सहानंतर तेलुगूचा धडा. साडेसातला सुमारे चाळीस लोकांपुढे उपदेश. मंडळी गेल्यावर, नऊ वाजता, यहेज्केलाचा अकरावा अध्याय बंगालीत उतरवावयास घेतला, तो जवळजवळ अकरापर्यंत. मग पत्र लिहिले, आणि निजण्यापूर्वी ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय वाचला.

हा उद्योग करणारा मनुष्य १७६१ साली इंग्लंडातील एका खेड्यात जन्मला व जोडे शिवण्याचा धंदा शिकला. १७९३ च्या नोव्हेंबरात तो बंगालमध्ये उतरला. पहिली वर्षे अन्नाच्या विवंचनेत गेली. पुढे मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर काम मिळाले. तेथेच १७९४ साली पाच वर्षांचा पीटर हगवणीने दगावला, आणि त्याच्या दफनासाठी मदतीला माणसे मिळेनात. सात वर्षे गेली तरी एकाही हिंदू बांधवाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. अखेर २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल हे सुतार हुगळी नदीत उतरले. त्यांच्याबरोबर केरींचा थोरला मुलगा फेलिक्स यानेही बाप्तिस्मा घेतला. पित्याच्या त्या दिवसाच्या आनंदाची वाचकांनीच कल्पना करावी.

मात्र त्या नदीकाठी डोरोथीबाईंना हा आनंद समजण्याची शक्ती राहिली नव्हती. मुळात त्या भारतात यावयास राजी नव्हत्या. पीटरच्या मृत्यूनंतर त्यांचे मन बिघडले ते १८०७ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. हुगळीकाठच्या श्रीरामपुरात (महाराष्ट्रातील नव्हे) शेजारच्या खोलीतून त्यांचा आक्रोश ऐकू येत असे, आणि केरी भाषांतर करीत असत. आपण केरींचे गुणगान करतो, तेव्हा या माउलीला विसरतो. त्या सेवेची किंमत त्यांनीही भरली. तीही न विचारता. हे लपवून लिहिलेले चरित्र खरे होणार नाही.

केरींचा विसावा म्हणजे त्यांची बाग. एकदा इंग्लंडातून बियाणे आले. ती पिशवी त्यांनी मातीवर झटकली, आणि काही दिवसांनी तेथे मायदेशाचे चिमुकले डेझीचे फूल उमलले. पुढे कधीही मायदेशी न परतलेल्या त्या मनुष्याला केवढा हर्ष झाला!

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, टाइप आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखिते भस्मसात झाली. केरी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी ती वार्ता त्यांना सांगितली. सुदैवाने छापयंत्रे वाचली, टाइप पाडण्याचे साचे राखेत सापडले. केरी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहावयास बसले.

आपल्या मराठीवरही त्यांचे ऋण आहे. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले, १८१० साली शब्दकोश आणि १८११ साली नवा करार. या कामात वैजनाथ पंडितांचा हात होता. तरीही तो नवा करार मराठी वाचकांच्या जिभेवर रुळला नाही, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना नव्याने भाषांतर करावे लागले. माझ्यासारख्या भाषांतरकाराला हे वाचून प्रथम वाईट वाटते, मग धीर येतो. आपले शब्द जुने होणारच. नंतरचा सेवक ते खोडील, सुधारील. केरींनी पहिला नांगर धरला म्हणून पुढच्यांना शेत दिसले.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे केरी प्रभूमध्ये निजले. थडग्यावर स्तुती नको, अशी त्यांची इच्छा होती.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणी पाळक असेल, कोणी परिचारिका, कोणी रविवारच्या शाळेतील शिक्षिका. फळ दिसत नाही म्हणून मन खचते, तेव्हा तो जूनमधला दिवस आठवावा. त्या दिवशी कोणी बाप्तिस्मा घेतल्याचे केरींनी लिहिलेले नाही. भाषांतराचे काही अध्याय, एक धडा, एक उपदेश, एवढेच घडले. उद्याचे पीक देणारा प्रभू आहे; आजचा अध्याय मात्र आपल्याकडे सोपविलेला आहे.