निराश्रितांची माय : पंडिता रमाबाई

वाचकहो, आपल्या शिरूर अनंतपाळच्या बाजूस पाऊस दगा देतो तेव्हा काय होते, हे आपणांस सांगावयास नको. विहिरी आटतात, जनावरे विकावी लागतात, आणि माणसे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन पुण्यामुंबईची वाट धरतात. सन २०१६ च्या दुष्काळात नांदेडकडील कित्येक कुटुंबे मुंबईस घाटकोपरच्या मैदानात झोपड्या घालून राहिली. शहरास अशांची मजुरी हवी असते. पण त्यांस पाठ टेकावयास जागा द्यावी, हे त्यास सुचत नाही. यास्तव, जी स्वतः बेघर होती व पुढे शेकडोंचे घर झाली, अशा एका बाईची हकीकत आज सांगतो.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री विद्वान व आतिथ्यशील होते. आलागेल्यास जेवू घालता घालता कर्ज झाले, घर सुटले, आणि रमाबाई तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थोतीर्थी फिरू लागले. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईबाप व थोरली बहीण ही अन्नावाचून गेली. मागे राहिली रमाबाई व भाऊ श्रीनिवास. ती दोघे शेकडो कोस अनवाणी चालली. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत खड्डे खणून, तोंड तेवढे उघडे ठेवून, त्यांनी अंगावर वाळू ओढून घेतली.

सन १८७८ त ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्या पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. सन १८८० त भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांशी विवाह झाला. परंतु १८८२ त पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा नावाची लहान मुलगी होती. सन १८८३ त इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

ता. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले. सन १८९३ त धर्मांतराचा गवगवा होऊन पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी रमाबाई खचल्या नाहीत. वृंदावनास त्या वेष पालटून गेल्या, आणि घरातून टाकलेल्या विधवांस तेथे कोण कसे नाडतात, हे स्वतः पाहून आल्या.

सन १८९६-९७ त मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंस आपली आई आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या व रस्त्यांवर, देवळांजवळ पडलेल्या मुली गोळा करून आणू लागल्या. इतक्यात पुण्यास प्लेग आला. दुष्काळी मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. रोगाची भीती खरी होती, हे नाकारता येत नाही. परंतु त्या मुलींनी जावे कोठे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. रमाबाईंजवळ केडगाव येथे शंभर एकर जमीन होती. तेथे तंबूंत व झाडांखाली मुली राहू लागल्या, आणि १८९८ त ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. सन १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या सुमारे १,९०० झाली.

इतक्यांस नुसती भाकर देऊन भागले नसते. विणकाम, छापकाम, शेती, दूधदुभते, सर्व कामे मुलीच शिकल्या. आंधळ्यांस वाचावयास शिकविले. जिला समाज पतित म्हणे, तिच्याकरिता ‘कृपा सदन’ बांधले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी पवित्र शास्त्र याच बायकांनी छापले. सन १९२१ त मनोरमाबाई निवर्तल्या, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

वाचकहो, दुष्काळ, कर्ज, रोग, वैधव्य, यांपैकी एकही रमाबाईंनी आपण होऊन ओढवून घेतले नव्हते. रस्त्यावर निजणाराची कूळकथा बहुधा अशीच असते. तरी आपण प्रथम त्याच्याच अंगी दोष शोधतो. आपल्या गावाहून एखादे कुटुंब शहरास निघाले, तर ते कोठे उतरणार, हे विचारून ठेवावे, ओळखीच्या माणसाचा पत्ता द्यावा, आणि ते परतले तर त्याची जागा त्यास मोकळी ठेवावी. एवढे तर कोणत्याही लहान मंडळीस करता येण्याजोगे आहे.